उत्तर पुढच्या अंकात

मी पंखा, छताचा. भिंगारच्या जुन्या बाजारात एका किराणा दुकानावर लांबोडकी खोली आहे, तिथे सीना खोरे संशोधक मंडळाचं कार्यालय आहे. त्या खोलीच्या मधोमध मी लटकलेला असतो. स्वतःची कहाणी सांगायची मला फार हौस आहे असं समजू नका. खरं सांगायचं तर मी दमलोय. पण इथे जे घडलं ते सांगायला खाली आता फारशी माणसं उरलेली नाहीत, म्हणून म्हटलं आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथे आम्ही सगळे सारखेच होतो, मला वेगळेपण आलं ते भिंगारला आल्यावर. लष्कराच्या हिशेब कचेरीतून निवृत्त झालेले वैजनाथराव मंडळाचे सभासद होते. बायको गेल्यावर त्यांनी मला मंडळाला भेट दिलं, आणि देण्याआधी पेंटरकडून माझ्या पात्यांवर लाल रंगात लिहून घेतलं. एका पात्यावर ‘कै. रंगुबाई’, दुसऱ्यावर ‘यांच्या’ आणि तिसऱ्यावर ‘स्मरणार्थ’. मी फिरायला लागलो की त्यातलं एकही अक्षर वाचता येत नसे. बिचारे वैजनाथराव खालून मान वर करून बघत बसत. त्यांना समाधान मिळालं ते मंडळाच्या एका रिवाजामुळे.

महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी सभासद जमायचे. त्रैमासिकात छापायचा प्रत्येक लेख तिथे आधी मोठ्याने वाचला जायचा. लेखाला ते निबंध म्हणत. निबंध सुट्या कागदांवर असायचा आणि माझ्या वाऱ्याने कागद उडायचे. शिवाय माझी कुरकुर पहिल्यापासूनच आहे. त्यामुळे कार्यवाह उठून ‘निबंध सुरू’ म्हणत आणि माझं बटण बंद करत, अगदी मे महिन्यातसुद्धा. माणसं घामाने निथळत ऐकत राहायची आणि वैजनाथराव तेवढा वेळ शांतपणे बायकोचं नाव वाचायचे.

निबंध संपला की आक्षेप. ज्याला आक्षेप घ्यायचा त्याने उभं राहून आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग भले खोलीतला प्रत्येक जण त्याला ओळखत असो. लेखकाने तिथल्या तिथे हुज्जत घालायची नाही. घरी जायचं, पुन्हा तपासायचं आणि दुरुस्त निबंध पुढच्या महिन्यात परत वाचायचा. काही निबंध तीन-तीनदा वाचले गेले. एका वकीलसाहेबांनी तर रागाच्या भरात आपला निबंध फाडून टाकला होता. नेमकं तेव्हाच कोणीतरी उकडतंय म्हणून मला चालू केलं आणि त्याचे तुकडे खोलीभर झाले. पुढच्या महिन्यात तेच वकीलसाहेब नवा निबंध घेऊन मुकाट्याने हजर होते.

आक्षेप घेण्यात गोरक्षनाथ गुरुजींचा हात धरणारा कोणी नव्हता. पाथर्डीकडचे निवृत्त प्राथमिक शिक्षक. एसटीने यायचे, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे आणि शेवटी सावकाश उठायचे. “मी गोरक्षनाथ. लई झ्याक वाचलंत, पन पुरावा कुठं हाय?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेतही म्हणता येईल.

कार्यवाह म्हणजे सुमंत सर. शाळेत इतिहास शिकवायचे. निम्मं आयुष्य त्यांनी या खोलीत घालवलं. लेख मागवायचे, मुद्रितं तपासायची, अंकांचे गठ्ठे बांधून पोस्टात न्यायचे, सगळं त्यांच्याच अंगावर. दुसऱ्यांचे लेख छापता छापता स्वतःचा म्हणावा असा मोठा लेख त्यांनी एकच लिहिला. त्याचा विषय पाथर्डीकडच्या एका आडगावातली पायऱ्यांची विहीर, म्हणजे बारव, आणि तिच्या एका पायरीवर कोरलेला लेख. त्या अक्षरांवरून सरांनी बारवेचा काळ ठरवला होता. तो अंक निघाल्यावर सर बरेच महिने पोस्टमनची वाट बघत होते. कोणी काही कळवलं नाही, कौतुकाचं नाही की वाईटही नाही. सर त्याबद्दल कधी बोलले नाहीत, पण मला वरून दिसायचं. कपाटातून तोच अंक काढायचे, चाळायचे आणि ठेवून द्यायचे.

मग दिवस पालटले. वैजनाथराव गेले, वकीलसाहेब गेले, आणखीही बरेच जण गेले. पूर्वी प्रत्येक लेखाच्या शेवटी त्यावरचे आक्षेपही छापत असत. सरांनी ते बंद केलं. “आपली भांडणं चारचौघांत कशाला दाखवायची?” असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हाच आवडलं नव्हतं. पण पंख्याला कोण विचारतो?

त्यानंतर धनश्री नावाची एक मुलगी यायला लागली. ऊसतोड करणाऱ्यांच्या गाण्यांवर ती पीएच.डी. करत होती. घरची माणसंही दर हंगामाला तोडीला जाणारी. तिचा निबंध दोनदा वाचला गेला. गुरुजींनी तिला घाम फोडला, आणि दुसऱ्या वेळी जे तयार झालं ते ऐकून आक्षेपाला कोणी उठलं नाही. सर खुश होऊन म्हणाले की पुढच्या अंकात पहिलाच लेख हा. तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, “सर, खरं तर हा लेख तुम्हीच घडवलाय. पण इथं छापला तर आमच्या विद्यापीठात तो मोजतच न्हाईत. मला दुसरीकडं द्यावा लागंल.”

सर म्हणाले, “दे बाई, दे. तुझं नुकसान नको.”

लेख मोजला जावा म्हणून सरांनी धडपड केली नाही असं नाही. मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या एका यादीत त्रैमासिकाचं नाव यावं म्हणून त्यांनी अर्ज केला होता. दोन प्राध्यापक पाहणीला आले. भली माणसं होती. त्यांनी सरळ विचारलं, “लेख छापण्याआधी तज्ज्ञांकडून तपासून घेता ना?”

सर संकोचाने हसले. “छे हो, तसलं काही नाही आमच्याकडे. आम्ही आपले वाचतो आणि भांडतो.”

तेही हसले, चहा प्यायले आणि गेले. यादीत नाव आलं नाही. मला इतका संताप आला होता म्हणून सांगू. अहो, एकेका तारखेवरून महिना-महिना झोप घालवणारी ही माणसं, आणि विचारल्यावर म्हणे तसलं काही नाही! तज्ज्ञ म्हणजे कोणी लांबचे मोठे प्राध्यापक, आणि तपासणी म्हणजे त्यांचं सहीशिक्क्याचं पत्र, अशी सरांची समजूत. स्वतः जन्मभर जे केलं ते त्यांना घरातल्या भांडणासारखंच वाटत आलं.

त्यानंतर सर खचले. एका कंपनीचा गोडबोल्या माणूस येऊन गेला. लेख पाठवा, आठवड्यात इंटरनेटवर छापून देतो, वाचायबिचायची भानगड नाही म्हणाला. सर “बघतो” म्हणाले. त्या “बघतो” मध्ये नकार नव्हता, आणि मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

अशातच सुनीती मॅडम आल्या. नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. बाई चटपटीत, जराशा तापट. जिना चढून आल्या त्या धापा टाकतच बोलायला लागल्या. “सर, आमच्या एका विद्यार्थ्याला तुमच्या जुन्या अंकातला लेख हवाय. पुस्तकांच्या तळटिपांत तुमच्या त्रैमासिकाचं नाव सापडतं, आणि पुढे रस्ता बंद. जगात कुठेच मिळत नाही.”

“असं कसं? सगळे अंक आहेत की कपाटात,” सर म्हणाले.

“कपाट कधी उघडतं?”

“महिन्यातल्या एका शनिवारी.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. पण तो शनिवारच होता, म्हणून त्या निबंधाला थांबल्या. मला बंद करण्यात आलं. एका सभासदाने भिंगारच्या जुन्या पेठेवरचा निबंध वाचला आणि गुरुजींनी त्याची सालटी काढली. आणखी दोघे उठले. लेखक सगळं टिपून घेऊन पुढच्या महिन्यात येतो म्हणाला आणि निघून गेला.

चहा पिताना मॅडमनी पाहणीची हकीकत विचारली. सरांनी सांगितली. मॅडमचा कप हातातच राहिला.

“तपासणी होत नाही असं तुम्ही त्यांना सांगितलंत? मग आत्ता इथे काय चाललं होतं?”

“भांडण.”

“सर, यालाच ते तपासणी म्हणतात.”

सरांचा चेहरा बघवत नव्हता. आपल्या एका वाक्याने आपणच घात केला हे त्यांना त्या क्षणी कळलं. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही उशिरा आलात. आता माझ्यात जोर नाही. वार्षिक सभेत त्रैमासिक बंद करण्याचा ठराव मी स्वतःच मांडणार आहे.”

मॅडमनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, “बंद करायचं तर करा. पण आजवरचे अंक तरी माणसांना दिसू देत.” आणि त्या कामाला लागल्या.

ग्रंथपाल काय करतो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तोवर मला वाटायचं, पुस्तकं देणं-घेणं आणि दंड लावणं. मॅडमनी दर खेपेला थोडे थोडे अंक कॉलेजात नेले आणि पानापानाचं स्कॅनिंग करून घेतलं. गंजलेल्या पिनांवरून सरांना बोलून घेतलं. प्रत्येक लेख सुटा केला, त्याला लेखकाचं नाव, वर्ष आणि विषय लावला, म्हणजे शोधणाऱ्याला नेमका तोच हाती लागेल. सगळे लेख मंडळाच्या नव्या संकेतस्थळावर चढवले, प्रत्येकाखाली आक्षेपासाठी जागा ठेवली आणि प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक मिळवून दिला. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी त्या क्रमांकावरून लेख सापडतो म्हणे. जे लेखक हयात नव्हते त्यांच्या मुलानातवंडांना फोन करून परवानगी घेतली. वकीलसाहेबांच्या नातवाला तर आजोबा असलं काही लिहायचे हेच माहीत नव्हतं. गोडबोल्या कंपनीची माहिती काढून त्यांनी सरांना सांगितलं की न वाचता छापणाऱ्यांत एकदा नाव गेलं की पुन्हा कोणी उभं करणार नाही. सरांनी त्याचा फोन उचलणं सोडून दिलं.

पण मॅडमचंही एकदा बिनसलं. तपासणीची पद्धत लिहून जाहीर करायची म्हणून त्यांनी मसुदा आणला. त्यात लिहिलं होतं की आक्षेप घेणाऱ्याचं नाव लेखकाला कळू द्यायचं नाही.

गुरुजी ताडकन उठले. “मी गोरक्षनाथ. नाव लपवून आक्षेप घ्यायचा म्हंजी आडून दगूड मारायचा. आपल्याला न्हाई जमनार.”

“अहो गुरुजी, बऱ्याच ठिकाणी तशीच पद्धत आहे. नाव कळलं की माणूस खरं बोलायला कचरतो.”

“कचरनारा मानूस इथं येतच न्हाई.”

मॅडम चिडून गेल्या. मला वाटलं, झालं, संपलं सगळं. पण पुढच्या महिन्यात त्या परत आल्या आणि सरळ म्हणाल्या, “गुरुजी, मी पुरतं बघितलं नव्हतं. नाव जाहीर ठेवून तपासणारी नियतकालिकंही आहेत, आणि वाढताहेत. मात्र आक्षेप लेखाबरोबर छापावे लागतील.”

“म्हंजी आमी पूर्वी करायचो तेच.”

“तेच. फक्त लिहून, आणि सगळ्यांसमोर.”

तरीही अडचण होतीच. या पद्धतीने वर्षभराचे अंक काढून दाखवल्याशिवाय पुन्हा अर्ज करता येत नव्हता. सरांनी बंद केल्यापासूनचे आक्षेप कुठे छापलेले नव्हते, त्यामुळे अलीकडचं काही सिद्ध करता येणार नव्हतं. म्हणजे आणखी एक वर्ष रेटायचं. सर ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, पण ती मान होकाराची नव्हती.

वार्षिक सभेला जेमतेम खोलीचा एक कोपरा भरला. मला बंद केलं. सर ठरावाचा कागद घेऊन उभे राहिले. मी छताला टांगलेलं यंत्र, पण मला रडू येईल असं वाटलं. इतकी वर्षं ज्यांचं ऐकलं ते सगळे आवाज आता या एका कागदाने बंद होणार होते.

तेवढ्यात मॅडम उठल्या. “सर, थांबा. ठरावाआधी एक आक्षेप आहे. परवा संकेतस्थळावर आलाय.”

“कुठल्या लेखावर?”

“तुमच्या. बारवेच्या.”

सर खाली बसले. मॅडम मोबाईलवरून वाचू लागल्या. “मी मनवा. नागपूरला आर्किटेक्चर शिकते. माझं आजोळ पाथर्डी तालुक्यात आहे. तुमचा लेख फोनवर सापडला, तो घेऊन मी सुट्टीत ती बारव पाहून आले. ज्या पायरीवर अक्षरं आहेत तो दगड दोन्ही बाजूंनी छाटलेला आहे. ओळीची सुरुवातही तुटलेली आहे आणि शेवटही. झिजेने असं होत नाही. दगड दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीतून आणून मापाला बसवला असावा. तसं असेल तर त्यावरून बारवेचा काळ ठरवता येणार नाही. मी चुकत असेन तर कृपया सांगा.” खाली फोटो होते.

सरांनी फोन हातात घेतला, फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला.

“या कडा मी पाहिल्या होत्या,” ते म्हणाले. “मला वाटलं, झिजल्यात.” मग फोन सगळ्यांकडे धरत म्हणाले, “वीस वर्षं होऊन गेली. कुणीतरी वाचलं हो. कुणीतरी तिथवर जाऊन बघितलं.”

सर रडत होते आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती. आपण चुकलो याचं दुःख त्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. इतका आनंदलेला माणूस मी या खोलीत त्याआधी पाहिला नव्हता.

थोड्या वेळाने कोणीतरी हळूच म्हणालं, “मग ठरावाचं काय?”

गुरुजी सावकाश उठले. “मी गोरक्षनाथ. छापलेल्या लेखावर आक्षेप आला तर लेखकानं पुढच्या अंकात उत्तर द्यायचं, असा मंडळाचा नेम हाय. लई वर्सं छापून आल्यावर कुनी आक्षेपच घेतला न्हाई म्हून आपन इसरलो. पुढचा अंकच न्हाई तर सर उत्तर देनार कुठं? आक्षेप उभा हाय तवर ठराव घेता येत न्हाई.”

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी ठरावाची घडी केली आणि खिशात घातली. “मला ती बारव परत बघायला जावं लागेल,” ते म्हणाले. “गुरुजी, याल का बरोबर?”

“येतो की. पन तिथं बी आक्षेप घेनार.”

दोघे जाऊन आले. पुढच्या बैठकीत सरांनी उत्तर वाचलं. टेबलावर मॅडमचा लॅपटॉप होता आणि त्यातून मनवा ऐकत होती. उत्तर अगदी छोटं होतं. दगड बाहेरून आणलेला आहे, बारवेचा काळ मी चुकीचा ठरवला होता, तो आता अज्ञात समजावा, आणि पुढचा शोध मनवा यांनी घ्यावा अशी विनंती. पलीकडून ती मुलगी घाबऱ्या घाबऱ्या म्हणाली, “सर, सॉरी हं. मला वाटलं तुम्ही रागवाल.”

“रागवेन तर,” सर म्हणाले. “निबंध लवकर पाठवला नाहीस तर रागवेन.”

आक्षेप आणि उत्तर दोन्ही छापून आले. त्यानंतर अंक निघताहेत, ओढत-रखडत का होईना. धनश्री आता बाहेरगावी असते. परवा लॅपटॉपवरून तिने एका निबंधाला असा आक्षेप घेतला की गुरुजींनी मान डोलावली. यादीसाठी पुन्हा अर्ज गेलाय, उत्तर यायचंय. येईल की नाही, मला माहीत नाही. खोलीत येणारी माणसं मात्र कमी होत चाललीत. गुरुजींचे गुडघे गेलेत, त्यांना जिना चढवत नाही. सरांना ऐकू कमी येतं, मॅडम त्यांच्या शेजारी बसून आक्षेप पुन्हा सांगतात.

माझंही आता फार उरलेलं नाही. मिस्त्रीने बघून सांगितलंय, बेअरिंग गेलंय, बदला. पुढच्या आठवड्यात मला उतरवतील. माझी तक्रार नाही. दमलेल्याला उतरवावंच.

जाण्याआधी एक मागणं आहे. मॅडमनी प्रत्येक लेखाखाली आक्षेपासाठी जागा ठेवलीय. बहुतेक माणसं येतात, वाचतात, अंगठ्याचं चित्र टाकतात आणि जातात. सर रोज उघडून बघतात, चष्मा पुसतात आणि बंद करतात. तुमच्याही गावात असं एखादं मंडळ असेल, असा कुणी लिहिणारा असेल. त्याचं लिहिलेलं वाचलंत आणि पटलं नाही, तर नाव सांगून तसं त्याला कळवा. एकाने इथे वीस वर्षं वाट पाहिली आहे. तुमच्यामुळे आणखी कुणावर ती वेळ येऊ देऊ नका.